लेणे कोणाचे? धाराशिव, तेर आणि आपला जीर्णोद्धार



मागच्या महिन्यात एका लग्नाच्या निमित्ताने धाराशिवला जाणे झाले. सोलापूरहून तुळजापूरमार्गे सत्तर-एक किलोमीटरचा रस्ता. लग्न दुपारनंतरचे होते, म्हणून मी, आमच्या धाकट्या जाऊबाई आणि माझी नववीतली नात, अशा तिघी सकाळी लवकर निघालो. दशम्या आणि बिनलसणाची शेंगाचटणी बरोबर घेतली आणि लग्नाआधी लेणी बघून येऊ असे ठरवले. तुळजापूरला आयुष्यभर येणे-जाणे झाले, पण पलीकडची ही लेणी मी साठी उलटल्यावर पाहिली, हे सांगायला जरा लाज वाटते.

बालाघाटच्या डोंगरात ही लेणी कोरलेली आहेत. त्यातले दुसरे लेणे सगळ्यात मोठे. आत शिरले की प्रशस्त चौकोनी दालन, खांबांच्या ओळी, तिन्ही बाजूंना लहान लहान खोल्या आणि समोर गाभाऱ्यात पद्मासनात बसलेली मोठी मूर्ती. जाऊबाईंनी चपला बाहेर काढल्या होत्याच. त्यांनी हात जोडले आणि डोळे मिटून णमोकार सुरू केला. नात हळूच माझ्या कानाशी आली, "आजी, हे पार्श्वनाथ भगवान आहेत की बुद्ध?" मी उत्तर द्यायच्या आत बाजूला बसलेला गावातला एक मुलगा म्हणाला, "बुद्धाची लेणी हाय ही, आजी. समदे तसंच सांगतेत."

जाऊबाईंचा चेहरा उतरला. परतीच्या वाटेवर त्या गाडीत म्हणाल्या, "वहिनी, असं कसं? आपल्या देवाला दुसऱ्याचं म्हणायचं आणि आपण ऐकून घ्यायचं?"

मला तेव्हा काही बोलता आले नाही. घरी आल्यावर मात्र पुस्तके काढली आणि हा लेख त्यातूनच झाला. मी काही इतिहासाची बाई नव्हे, बी.कॉम. झालेली गृहिणी. पण हिशेबाची सवय असल्यामुळे एक गोष्ट कळते. खतावणीत नोंद असेल तर तिच्यामागे व्हाउचर हवे. आपण 'आमचे, आमचे' म्हणतो, त्याचे व्हाउचर काय आणि दुसरा 'आमचे' म्हणतो त्याचे काय, हे शांतपणे बघायला काय हरकत आहे?

लेण्याचे दोन हिशेब

जेम्स बर्जेस या ब्रिटिश अभ्यासकाने पश्चिम भारतातल्या लेण्यांची पाहणी केली. त्याचा बीदर आणि औरंगाबाद भागाचा अहवाल १८७८ मध्ये छापला गेला आणि त्यात धाराशिवची लेणी आहेत. त्याने ती जैन म्हणून नोंदवली. पुढच्या अभ्यासकांनी दुसऱ्या लेण्याचा नकाशा अजिंठ्याच्या विहारांशी ताडून पाहिला. मधले दालन, कडेच्या खोल्या, मागे गाभारा, सगळी मांडणी पाचव्या शतकातल्या वाकाटककालीन बौद्ध विहारासारखी. म्हणून अनेकांचे मत असे की लेणे मुळात बौद्ध भिक्षूंसाठी सुरू झाले आणि काही शतकांनी ते जैनांकडे आले. मूर्तीबद्दलही एकमत नाही.

मूर्तीचा घोटाळा होतो तरी कसा, असे तुम्हाला वाटेल. आपण नागफणा दिसला की पार्श्वनाथ म्हणतो. पण बुद्धाच्या कथेतही मुचलिंद नावाचा नाग येतो आणि पावसात बुद्धावर फणा धरतो, त्यामुळे फणा असलेल्या बुद्धमूर्तीही आहेत. बुद्धाच्या अंगावर चीवर असते, खांद्यावरून वस्त्राची कड दिसते, आपली दिगंबर मूर्ती निर्वस्त्र असते. पण दीड हजार वर्षांत दगड झिजला, कोणी तेल लावले, कोणी डागडुजी केली, की वस्त्राची ती बारीक रेषच आधी नाहीशी होते. उत्तरेकडे तीर्थंकरांच्या छातीवर श्रीवत्स ठसठशीत असतो, आपल्या दक्षिण बाजूच्या मूर्तींवर तो बहुधा नसतो. म्हणजे ओळखीची मोठी खूणच हाती लागत नाही.

आता आपले व्हाउचर बघा. मुनी कनकामर यांनी अपभ्रंश भाषेत 'करकंडचरिउ' लिहिले. डॉ. हिरालाल जैन यांनी ते संपादित केले आणि १९३४ मध्ये विदर्भातल्या कारंजा येथील ग्रंथमालेत ते प्रसिद्ध झाले. हेच हिरालालजी पुढे डॉ. आ. ने. उपाध्ये यांच्यासह आपल्या सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेचे प्रधान संपादक होते, म्हणजे नाव आपल्या घरातलेच. या काव्यात राजा करकंड तेरापूरजवळ येतो आणि तिथल्या डोंगरातली लेणी पाहतो. हे तेरापूर म्हणजे आजचे तेर आणि ती लेणी म्हणजे धाराशिवची, असे हिरालालजींनी दाखवले.

गोष्ट तुम्ही लहानपणी कदाचित ऐकली असेल. डोंगरावर एक वारूळ असते आणि एक हत्ती रोज सोंडेत पाणी आणि कमळ घेऊन येऊन त्या वारुळाची पूजा करतो. राजा ते खणवतो, तर आत पार्श्वनाथ भगवंतांची मूर्ती निघते. राजा ती भक्तिभावाने लेण्यात आणतो. तिथल्या जुन्या मूर्तीशी दगडाची एक गाठ असते, ती राजाच्या नजरेला खुपते. तो एका वृद्ध कारागिराला विचारतो. कारागीर सांगतो, महाराज, लेणे कोरताना इथे पाण्याचा झरा लागला होता, तो अडवण्यासाठी ही गाठ ठेवली आहे, हिला हात लावू नका. पण राजाला राहवत नाही. गाठ फोडली जाते, पाण्याचा लोट उसळतो आणि लेणे पाण्याने भरते. राजा कपाळाला हात लावून बसतो.

या गोष्टीत मला दोन गोष्टी नव्याने दिसल्या. पहिली ही की आपल्याच ग्रंथातला राजा लेणे स्वतः आरंभापासून कोरत नाही. त्याला ते आयते, जुने सापडते आणि मग तो त्यात भर घालतो. म्हणजे 'आमच्या आधी इथे कोणीतरी होते' हे आपल्या मुनींनी हजारेक वर्षांपूर्वीच लिहून ठेवले आहे. दुसरी गोष्ट त्या गाठीची. तिच्याकडे मी पुढे येते.

आणखी एक गंमत. हा करकंड फक्त आपला नाही. श्वेतांबर परंपरेच्या उत्तराध्ययन सूत्रात चार प्रत्येकबुद्ध राजांमध्ये करकंडू येतो, आणि बौद्धांच्या कुंभकार जातकातल्या चार राजांमध्ये करंडू येतो. बाकीची तीन नावेही जवळजवळ तीच. राजा एकच, वैराग्य एकच, सांगणारे दोन. शेजारणीकडे आणि आपल्याकडे एकच पदार्थ थोड्या वेगळ्या फोडणीने होतो, तसे. मग एका डोंगरात दोघांच्याही खुणा सापडल्या तर नवल काय?

चार महिने पावसाचे

मुळात ही लेणी कशाला कोरली, ते आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही. चातुर्मासात मुनी आणि माताजी एके ठिकाणी का थांबतात, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. पावसाळ्यात वाटेवर जीव फार, पाय टाकू तिथे हिंसा. बौद्ध भिक्षूंचाही वर्षावास असाच. एरवी फिरायचे आणि पावसाळ्यात एका जागी राहायचे. आपल्याकडे 'विहार' म्हणजे महाराजांनी पुढच्या गावाला चालत निघणे, तर बौद्धांकडे 'विहार' म्हणजे राहण्याची जागा. शब्द एकच, एकाचा अर्थ चालणे आणि दुसऱ्याचा थांबणे. चालणाऱ्याला पावसाळ्यात थांबवण्यासाठी सह्याद्रीत शेकडो लेणी कोरली गेली. वेरूळला तर बौद्ध, हिंदू आणि जैन लेणी एकाच डोंगरात ओळीने आहेत. पहिली बारा बौद्ध, पुढची एकोणतीसपर्यंत हिंदू, आणि तीस ते चौतीस आपली.

ती कोणी कोरवली? राजांनी कोरवली तशी बायकांनीही. नाशिकचे तिसरे लेणे गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने दान दिले, तसा लेख तिथे कोरलेला आहे. रायगड जिल्ह्यातल्या कुडा लेण्यांत पदुमनिका नावाच्या भिक्षुणीने लेणे आणि पाण्याचे टाके दिल्याची नोंद आहे. लेणे द्यायचे तर पाणीही द्यायचे, हे तिला कळत होते. आपण चौका लावताना आधी पाणी गाळून भरून ठेवतो, त्यातलीच ही समज.

पुण्याजवळ मावळात पाले नावाचे गाव आहे. तिथल्या एका लहान लेण्यात दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे आणि त्याची सुरुवात 'नमो अरहंतानं' अशी आहे. वाचताना माझ्या अंगावर काटा आला. आपण रोज सकाळी उठून जे म्हणतो, ते दगडात! डॉ. हसमुख सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी तो लेख वाचून प्रसिद्ध केला. इंद्ररक्षित नावाच्या भदंताने लेणे आणि पाण्याची पोढी, म्हणजे टाके, करवले असे त्यात आहे. सुरुवातीच्या नमस्कारावरून तो जैन लेख मानला गेला. तरी 'अर्हत' हा शब्द बौद्धही वापरत आणि आजूबाजूची बरीच लेणी बौद्ध आहेत, म्हणून काहींना तो बौद्ध वाटतो. इथेही पुन्हा तेच.

शोभनाताईंचे नाव मुद्दाम लक्षात ठेवा. डेक्कन कॉलेजच्या या बाईंनी मुंबईजवळच्या कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांतले लेख एकेक करून वाचले आणि १९९१ मध्ये त्यांचे पुस्तक आले. शंभराहून अधिक लेणी, पुसट अक्षरे, डोंगरावरचे ऊन. अशा कामाला चिकाटी लागते, आणि चिकाटीत आपण बायका कमी नाही.

तेरच्या एका माणसाचे काम

धाराशिवहून पुढे तेर. तेरणा नदीकाठचे हे गाव आपल्याला गोरोबाकाकांचे म्हणून ठाऊक आहे, आणि आपल्या लोकांना महावीर भगवंतांचे क्षेत्र म्हणून. पण पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी पुस्तिकेत, 'पेरिप्लस'मध्ये, पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे मोठे शहर सांगितले आहे. तिथून साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदराकडे जाई. हे तगर म्हणजे आपले तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडले. सोलापूरच्या चादरी आणि टॉवेल जगभर गेले याचे आपल्याला कौतुक, पण या भागाचे कापड दोन हजार वर्षांपूर्वीच समुद्र ओलांडत होते!

जिथे व्यापारी, तिथे साधूंना आसरा. तेरच्या उत्खननात विटांचा स्तूप सापडला. गावातले त्रिविक्रम मंदिरही विटांचे, आणि त्याचा मागचा भाग हत्तीच्या पाठीसारखा गोल. हेन्री कझिन्स आणि पुढे पर्सी ब्राउन या अभ्यासकांनी ते मुळात बौद्ध चैत्य असावे असे म्हटले. पुढे त्यात विष्णूची त्रिविक्रम मूर्ती आली. तुम्ही म्हणाल, म्हणजे बळकावले. पण दुसरी बाजूही बघा. विटांचे इतके जुने बांधकाम आपल्याकडे फारसे उरलेले नाही. हे उरले, कारण तिथे कोणीतरी रोज दिवा लावत राहिले आणि छप्पर गळले तर बघत राहिले.

आणि तेरचे मोठे नाव म्हणजे रामलिंगप्पा लामतुरे. पावसाळ्यात शेतातून, ओढ्याकाठून मणी, नाणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या बाहुल्या वर येत. लोकांना ते खापर, त्यांना ते धन. वर्षानुवर्षे त्यांनी या वस्तू जमवल्या. पुढे तो संग्रह राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आला आणि आज त्यांच्याच नावाचे शासकीय संग्रहालय तेरला आहे. तिथली हस्तिदंती बाई बघून या. अशीच भारतीय हस्तिदंती मूर्ती १९३८ मध्ये इटलीत, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलेल्या पॉम्पेई शहरात सापडली. लामतुऱ्यांनी वस्तू उचलताना ही बौद्धांची, ही जैनांची, ही आमची, अशी निवड केली असती तर या संग्रहाला काय अर्थ उरला असता?

माझी चूक

आता गाठीकडे येते. हे लिहायला मला जड जाते आहे, पण लिहिणार.

पंचवीस-एक वर्षांपूर्वी एका लहान गावातल्या आपल्या मंदिरजींचा जीर्णोद्धार निघाला. गाव सांगत नाही, कारण दोष कोणा एकाचा नाही, आणि माझा नक्की आहे. जुनी काळ्या दगडाची वास्तू, ठेंगणा दरवाजा, आत अंधार. सगळ्यांना वाटले, भगवंतांचे मंदिर असे काळवंडलेले कशाला? पांढरेशुभ्र करू. देणगीच्या पावत्या फाडायचे काम मी केले, जमा-खर्चही मीच लिहिला. पै-पैचा हिशेब जुळला. काम झाले, प्रतिष्ठा थाटात झाली.

उंबऱ्याच्या दगडावर काही अक्षरे होती. त्यावर ग्रॅनाइट बसले. आतल्या खांबांवर टाइल्स आल्या. एक भंगलेली मूर्ती विसर्जित केली गेली. कोणी फोटो काढला नाही, अक्षरे उतरवून घेतली नाहीत. पुढे एक अभ्यासक विचारत आले की या गावात जुनी बस्ती होती असे दुसऱ्या एका लेखात दिसते, काही आधार मिळेल का? मी वही काढली. सिमेंटच्या किती गोण्या, कारागिराला किती, मांडवाला किती, सगळे होते. फक्त ते मंदिर कोणी आणि कोणत्या साली बांधले, हे सांगणारे एकमेव व्हाउचर आम्ही फरशीखाली गाडले होते. गावातल्या एका म्हाताऱ्या काकू म्हणाल्या, "लहानपणी त्या अक्षरांवरून मी बोट फिरवायचे गं." तेवढाच पुरावा उरला.

करकंड राजाने गाठ फोडली ती द्वेषाने नाही. मूर्ती सुंदर दिसावी म्हणून. आम्हीही तेच केले.

शिकलेल्या लोकांच्याही हातून हे होते. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने अजिंठ्याच्या चित्रांसाठी इटलीहून कारागीर आणवले. सुटणारे रंग त्यांनी काळजीने चिकटवले, पण वरून लाखेचे वार्निश दिले. काही वर्षांत ते वार्निश पिवळे-काळपट झाले, त्यावर धूळ बसली आणि चित्रे झाकोळली. पुढे पुरातत्त्व खात्याला ते थर फार सावकाश काढावे लागले. म्हणूनच आता जाणकार सांगतात की कमीत कमी हात लावा, जे कराल ते नंतर काढता येईल असे करा, आणि तुटलेला भाग अंदाजाने नवा बनवू नका. जुन्या चुन्याच्या बांधकामावर सिमेंट थापले की आतली ओल बाहेर पडत नाही, क्षार साचतात आणि दगड आतून भुगा होतो. चुना श्वास घेतो, सिमेंट घेत नाही.

गोव्याची गोष्ट

दुसऱ्याच्या धर्माच्या मठाची कोणी किती काळजीने चौकशी करावी, याचे उत्तम उदाहरण जुन्या गोव्यात आहे. बाँ जेझूस चर्चला आपण सहलीत जातो. तिथून जवळच टेकाडावर लाल जांभ्या दगडाचा एक उंच अर्धा मनोरा उभा दिसतो. तो ऑगस्टिनियन साधूंच्या मठाच्या चर्चचा. 'कॉन्व्हेंट' म्हटले की आपल्याला इंग्रजी शाळा आठवते, पण मुळात कॉन्व्हेंट म्हणजे साधू-साध्वींचा मठ. हे चर्च १६०२ मध्ये पूर्ण झाले. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने साधूंना मठातून काढले, पुढे राहते कोणी नाही, देखभाल नाही, आणि १८४२ मध्ये छत कोसळले. १९३१ मध्ये मनोऱ्याचाही अर्धा भाग पडला. साधू गेले की वास्तू किती लवकर बसते, ते पाहा. माणूस नसलेले घर बसते, तसेच.

या मठात जॉर्जिया देशाच्या केतेवान राणीच्या अस्थी होत्या. इराणच्या शाह अब्बासने तिला शिराझमध्ये कैदेत ठेवले होते. धर्म बदल, असा आग्रह झाला, तिने मानला नाही आणि १६२४ मध्ये हाल करून तिला मारण्यात आले. तिथल्या ऑगस्टिनियन साधूंनी तिच्या अस्थी मिळवल्या आणि १६२७ मध्ये काही गोव्याला आणल्या. जुन्या पोर्तुगीज कागदात नोंद होती की मठाच्या एका दालनात, दुसऱ्या खिडकीशी, दगडी पेटीत त्या ठेवल्या आहेत. पण दालनच ढिगाऱ्याखाली होते. आपल्या पुरातत्त्व खात्याने वर्षानुवर्षे ढिगारा उपसला, कागदावरून जागा ताडली आणि २००४ मध्ये त्या भागात हाताचे हाड सापडले. हैदराबादच्या प्रयोगशाळेत त्याची डीएनए तपासणी झाली. ते वळण भारतातल्या लोकांत आढळत नाही आणि जॉर्जियात आढळते, असे दिसले. जुलै २०२१ मध्ये भारताने त्या अस्थींचा एक भाग जॉर्जियाला समारंभाने दिला.

विचार करा. राणी ख्रिस्ती, मठ पोर्तुगीजांचा, उपसणारे हात आपल्याकडचे. कोणी म्हणाले असते, परक्यांच्या पडक्या मठाशी आपल्याला काय करायचे आहे, तर ढिगारा सपाट करून बाग केली असती. आणि त्या जुन्या कागदात 'दुसरी खिडकी' एवढे दोन शब्द नसते, तर इतके उपसूनही ते हाड कोणाचे हे कळले नसते.

बोरिवलीचे मंडपेश्वर तर आणखी बोलके आहे. मुळात शिवाचे लेणे, पोर्तुगीज काळात फ्रान्सिस्कन साधूंनी तिथे चर्च केले, वर मठाच्या इमारती उभारल्या. आज तिथे नटराजही आहे, भिंतीवर कोरलेला क्रूसही आहे. यातले एक घासून काढून दुसरे 'शुद्ध' करावे, असे मनात येऊ शकते. पण हिशेबाच्या वहीत चुकीची नोंदही खोडरबराने पुसत नाहीत. तिच्यावर रेघ मारून पुढे दुरुस्ती लिहितात. पुसलेली वही ऑडिटर मान्य करत नाही.

आपण काय करू शकतो

आपण उत्खनन करायला जाणार नाही. पण घर आणि मंदिरजी तर आपल्याच हातात आहेत.

धातूच्या जुन्या मूर्तीच्या मागे किंवा पाठपिठावर बहुधा बारीक अक्षरांत संवत, संघ, भट्टारकांचे आणि दात्याचे नाव असते. आपण चिंच आणि भांड्याची पावडर घेऊन ती चकचकीत करतो आणि दर पर्युषणाला थोडी अक्षरे पुसतो. ती बाजू घासू नका, मऊ कोरड्या कापडाने टिपा. लेखावर हळद, तेल, खडू, रंग काही भरू नका. अक्षरे वाचायची असतील तर अंधारात एका कडेने टॉर्च तिरपा धरा आणि फोटो काढा, पुसट अक्षरही उठून दिसते. विक्रम संवत असेल तर साधारण ५७ वजा करा, शक असेल तर ७८ मिळवा, वीर निर्वाण संवत असेल तर ५२७ वजा करा, की इसवी सन मिळतो.

कुठेही जीर्णोद्धार निघाला तर देणगीची पहिली पावती फाडण्याआधी प्रत्येक भिंतीचे, उंबऱ्याचे, खांबाचे फोटो आणि मापे असलेली वही तयार करा. पंचांनी दगडावर फरशी घालायचे ठरवले तर बाईने विचारावे, "याखाली काय आहे ते लिहून घेतलंय का?" शेतात किंवा पायात काही सापडले तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. शंभर वर्षांहून जुन्या मूर्तींची नोंदणी १९७२ च्या कायद्याने करायची असते. यात घाबरण्यासारखे काही नाही. मूर्ती चोरीला गेली तर नोंदणीतला फोटोच तिला परत आणतो. आणि संरक्षित वास्तूजवळ शंभर मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही, मग ते धर्मशाळेचे असो की कमानीचे.

सगळ्यात मुख्य म्हणजे बौद्ध, ख्रिस्ती, शैव, कोणाचीही खूण सापडली तरी ती लपवू नका. कोठेतरी दुसऱ्या कोणाच्या जागेत आपलीही खूण दबलेली असेल. त्यांनी ती जपावी असे आपल्याला वाटते ना?

नातीला मी काय सांगितले ते सांगते. मी म्हटले, बाळा, अभ्यासक दोन्ही सांगतात. बहुधा आधी बौद्ध भिक्षू राहिले, नंतर आपले मुनी. दोघेही पावसाळ्यात किडा-मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून इथे थांबले. ती म्हणाली, "मग नमस्कार कोणाला करायचा?" जाऊबाई शेजारीच बसल्या होत्या. मला वाटले, आता रागावतील. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "नमो अरहंतानं म्हण. पाल्याच्या लेण्यात तसंच लिहिलंय म्हणते ना तुझी आजी."

पुढच्या रविवारी आम्ही दोघी त्या लहान गावी जाणार आहोत. त्या म्हाताऱ्या काकू अजून आहेत. उंबऱ्यावरची जेवढी अक्षरे त्यांच्या बोटांना आठवतील, तेवढी कागदावर उतरवून घेणार आहे. तुमच्या माहेरच्या, सासरच्या मंदिरात असे काही असेल तर फरशी बसायच्या आत फोटो काढून ठेवा, आणि मलाही जरूर कळवा.

जय जिनेंद्र.